तिसरा तास

तिसऱ्या तासाची घंटा झाली की
पाचवी 'ब' दोन दारांनी फुटते.
सुमय्या परकार, जुवेरिया, हमदान, तो लांबडा इक्बाल
हिरवं पुस्तक छातीशी धरून उस्तादांच्या खोलीकडे.
उरलेले माझ्याकडे.
वेळापत्रकात याला मूल्यशिक्षण म्हणतात,
मुलं म्हणतात उरलेल्यांचा तास.
मुलांचं बरोबर आहे.
मी मूळची गणिताची,
बाकी म्हणजे काय ते मला कळतं.

खिडकीतून फुजैराचा समुद्र दिसतो,
नांगर टाकून बसलेली तेलाची जहाजं.
या तासाला पुस्तक नाही.
मुलं जहाजं मोजतात. मी मोजू देते.

एकदा, काही न ठरवता,
उस्ताद अय्मन आणि मी
एकाच आठवड्यात एकच गृहपाठ देऊन बसलो :
शेजाऱ्याबद्दल पाच ओळी.
सुमय्या आणि तिच्या बाकावरचा अद्वय,
दोघांनी मिळून एकदाच लिहिलं, दोनदा उतरवलं.
तिकडे बरोबरची खूण. इकडे बरोबरची खूण.
जेफिनने तेवढं स्वतःचं लिहिलं :
'वरच्या शेजाऱ्याच्या एसीचं पाणी
आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं.
मम्मी म्हणते, देव बघतोय.
पप्पा म्हणतात, वॉचमन पण बघतोय.'
मी दहापैकी दहा दिले.
स्टाफरूममध्ये उस्तादांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं
तर हसता हसता त्यांचा चहा बशीत.

जानेवारीत सुमय्याची खुर्ची रिकामी.
बापाची कंपनी बंद पडली होती, फी तीन महिन्यांची.
ऑफिसात दोन भाषांत फलक आहे,
शिक्षण सक्तीचं असल्याचा,
आणि फलकाच्या बरोबर खाली फी भरायची खिडकी.
क्लार्क म्हणाला, मॅडम, नाव पटावर आहे की.
म्हणजे नाव येतं रोज शाळेत.

गुरुवारी संध्याकाळी गेले.
मासळीबाजारामागची इमारत, एक खोली,
कपाट आडवं लावून तिचे दोन भाग.
शहनाजबाई मूळच्या खेडच्या, मी गुहागरची,
पहिली दहा मिनिटं घावनांत गेली.
मग म्हणाल्या, शिकवते मीच.
सकाळी कुराण, मग विळीवर बसून अपूर्णांक,
एका कांद्याचे आठ भाग, त्यातले तीन कढईत.
मराठी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागून.
घरात तास कुठले, बाई,
एकातून दुसरं निघतं.
युनिफॉर्म मात्र घालते ती. मी नको म्हटलं तरी.

आणि एक सांगू?
नऊ चाळीस झाले की ही उठते,
पुस्तक उचलते, बाल्कनीत जाते
आणि दार ओढून घेते.
बाहेर ऊन हे एवढं.
म्हटलं, अगं, इथेच वाच, इथे कोण आहे तुझ्या-माझ्याशिवाय?
तर म्हणते, अम्मी, आता आत बाकीच्यांचा तास असतो.

मी विचारलं, मग तेवढा वेळ तुम्ही?
मी? त्या म्हणाल्या.
मी बसते की आत. बाकीच्यांत.

सुमय्याने वही पुढे केली.
भागाकाराची दोन पानं,
आणि प्रत्येक बाकीभोवती गोल काढलेला,
मी फळ्यावर काढते तसा, जरा वाकडा.
एक उदाहरण चुकलं होतं.
मी लाल पेन काढलं, परत ठेवलं,
मग पुन्हा काढून चूक दाखवलीच.
शाळेत दाखवली असती.

तिने तिथेच बसून खोडलं.
अद्वयने काय लिहिलं या वेळी, तिने विचारलं,
आणि जहाजं किती झाली?
मी म्हटलं, काल एकोणीस.
नाही मिस, ती म्हणाली,
आमच्या बाल्कनीतून कोपऱ्यातलं एक जास्त दिसतं.
वीस.